झाडाचं निळं ताट

जुन्या बाजारात एखादी वस्तू आवडली की आधी तिच्या शेजारची वस्तू उचलायची, हे मी तिसऱ्या रविवारी शिकले. पहिल्या दोन रविवारी निळ्या बश्या बघून माझा चेहरा असा काही उजळला असणार, की विकणाऱ्या म्हाताऱ्याने भाव सांगण्याआधीच तो मनात दुप्पट केला असेल. मग मी गंजलेले पाने, कंदिलाच्या काचा, कुणाच्या तरी बंगल्याच्या दाराची पितळी मूठ असलं काहीबाही हातात घेऊन बघायला लागले आणि निघता निघता सहज विचारल्यासारखं, "आणि ही बशी कशी दिली?" म्हातारा हसायचा. त्याला सगळं कळत होतं, पण माझं नाटक त्याने कधी मोडलं नाही.

इंग्रज जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. कॅम्पातले जुने बंगले एकेक करून रिकामे होत होते. चांगलं फर्निचर लिलावात जायचं आणि उरलेलं सटरफटर कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारात पोत्यांवर येऊन पडायचं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. दर रविवारी सकाळी सायकल काढून मी त्या बाजारात जात असे, आणि घरी सांगत असे की मंडईत जाते. येताना खरंच एक जुडी मेथी घेऊन येत असे, म्हणजे अगदीच खोटं बोलल्यासारखं व्हायला नको.

त्या बश्यांचा निळा रंग कसा होता ते सांगते. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांसाठी आपण नीळ कालवतो, तिचा पहिला थेंब पाण्यात पडून पसरायला लागतो, तसा. पुढे पुढे मला त्यातलं थोडंफार कळायला लागलं. इंग्लंडातल्या कारखान्यांत तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, ते पातळ कागदावर छापायचे आणि तो कागद बशीवर चिकटवून नक्षी उतरवायचे. काठावर कागदाची दोन टोकं जिथे भेटतात तिथे वेल हमखास तुटलेली असते. ती जागा शोधायचा मला नादच लागला होता. कुठल्या तरी कामगाराने घाईघाईत चिकटवलेला कागद, आणि दीडशे वर्षांनी नारायण पेठेतली मी त्याची चूक बोटाने चाचपून बघतेय! चित्रंही मजेची. चीन कधी न पाहिलेल्या माणसांनी काढलेला चीन, त्यात पूल, होडी, वाकलेली झाडं आणि वर दोन पक्षी. आणि ज्याला मी पोर्सेलिन पोर्सेलिन म्हणून मिरवत होते, ती बहुतेक नुसतीच भाजलेली पांढरी माती होती, वर चकाकी दिलेली. हे मला उशिरा कळलं. मला पुष्कळच गोष्टी उशिरा कळल्या.

घरी आम्ही तिघं. हे पोस्टात होते. सासूबाई तरुणपणीच विधवा झालेल्या, एकुलत्या एका मुलाला वाढवून मोठं केलेल्या. तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यातली आतली खोली, म्हणजे स्वयंपाकघर, सर्वस्वी सासूबाईंच्या ताब्यात होती. तिथे सोवळं होतं. चिनी मातीची एकच वस्तू तिथे चालायची, ती म्हणजे लोणच्याची बरणी. कपबश्या बाहेरच्या खोलीत, बाहेरच्यांसाठी. त्या स्वतः चहा प्यायच्या पितळी फुलपात्रातून, आणि त्यात तीन चमचे साखर लागायची. सगळं आयुष्य काटकसरीत काढलेल्या त्या बाईचा हा एकच लाड होता. "चहा गोड नसेल तर तो काढा," असं त्या म्हणत आणि चमचा शीग लावून भरत.

माझ्या बश्यांवर त्यांचा एकच शेरा होता. "साहेबाचं उष्टं." तो शेरा मारून त्या जपाला बसायच्या. मी माझ्या बश्या बाहेरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवत असे. हे अधूनमधून विचारायचे, "जेवायला तिघं आणि बश्या बत्तीस. पाहुणे कोण, राणी येणार आहे का?" मला राग यायचा. आपल्याला एवढं आवडतं ते आपल्याच घरात कुणाला बघावंसंही वाटू नये, याचा राग. मी तो गिळत असे आणि पुढच्या रविवारी पुन्हा जात असे.

आणि मग ते ताट मिळालं.

लांबट गोल, दोन हातांनी धरावं लागेल एवढं मोठं, आणि काठाला निळी नक्षी. पण खरी गंमत तळाशी होती. ताटाच्या मधोमध एक पन्हळ, तिला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या बारीक पन्हळी, जसा काही झाडाचा बुंधा आणि फांद्या. बुंध्याच्या तळाशी एक खोलगट खड्डा, अगदी आळ्यासारखा. उलट्या बाजूला, वरच्या टोकाला दोन छोटे टेकू होते, त्यामुळे ताट जमिनीवर ठेवलं की जरासं उतरतं राहायचं. त्या दिवशी मात्र मला शेजारचं काही उचलायचं भान राहिलं नाही. मी टिचकी मारून पाहिली, स्वच्छ टण्ण वाजलं. म्हाताऱ्याने मागितले तेवढे दिले आणि ताट पोत्यात गुंडाळून सायकलच्या मागे बांधलं. वाटेत कुठे आपटेल या भीतीने मी सायकलवर बसलेच नाही. सगळा रस्ता हाताने ढकलत आले.

सासूबाई दारातच होत्या. लपवता येईल एवढं ते लहान नव्हतं. त्या पुढे आल्या आणि वाकून बघत राहिल्या.

"हे झाड आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"खाली आळं आहे बघ." मग पुढे केलेला हात मागे घेत, "यात कुणी जेवलंय का?"

आता इथे मी काय केलं ते सांगायला हवं. मला काहीही माहीत नव्हतं. पण माझ्या एखाद्या वस्तूकडे त्यांनी पहिल्यांदाच डोळे भरून पाहिलं होतं आणि मला ते घालवायचं नव्हतं. मी अगदी शाळेत फळ्यापुढे उभं राहून सांगावं तशा ठामपणे म्हणाले, "छे, एवढ्या मोठ्या ताटात कोण जेवणार? शोभेचं आहे. भिंतीवर लावायचं."

"आणि हे चरे कसले?" ताटाच्या तळावर बारीक बारीक चरे होते, एकमेकांवरून गेलेले.

"जुनं आहे ना. घासून घासून पडले असतील."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला.

त्याच सुमाराला ह्यांना जिने चढताना धाप लागायला लागली. आधी आम्ही ते चेष्टेवारी नेलं. मग एके दिवशी हे दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसून राहिले, ओठ काळेनिळे पडलेले. डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणी आलेल्या कुठल्याशा तापाने हृदयाची एक झडप आखडली आहे. मुंबईला नेऊन शस्त्रक्रिया होऊ शकते, पण ह्यांची प्रकृती ती सोसेल असं त्यांना वाटत नव्हतं. "जपा," ते म्हणाले. मी विचारलं, "म्हणजे काय करू?" डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी त्या दिवशीची फी घेतली नाही.

मी तोवर वटपौर्णिमा कधी केली नव्हती. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मी सासूबाईंना सांगून टाकलं होतं की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि त्यांनी आश्चर्य म्हणजे त्यावर वाद घातला नव्हता. त्या वर्षी मात्र ज्येष्ठाच्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "अगं, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. एवढं कर."

मी हो म्हटलं. ह्यांच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात दुसरं काय होतं?

पण वड कुठला? कोपऱ्यावरचा वड रस्ता रुंद करताना कधीच गेला होता. मंडईत फांद्या मिळायच्या, पण तोडलेली फांदी सासूबाईंना चालेना. संध्याकाळपर्यंत ती सुकणार, आणि मुलाच्या आयुष्यासाठी सुकणारी फांदी पुजायची म्हणजे काय? त्या रात्रभर विचार करत असाव्यात. सकाळी म्हणाल्या, "ते तुझं ताट आण."

"अहो आई, पण ते चिनी मातीचं."

"बरणी चालते ना? मग हे का नाही? त्याला अग्नी लागलाय. आणि त्यात कुणी जेवलेलं नाही, तूच म्हणालीस."

त्यांनी ते ताट तीनदा धुतलं. त्यावर गोमूत्र शिंपडलं. पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाल्या, "घाल पाणी." मी तांब्यातून धार धरली. पाणी वरच्या फांद्यांमधून वाहत बुंध्यात आलं, बुंध्यातून उतरत उतरत खाली आळ्यात साठलं. एक थेंब इकडेतिकडे गेला नाही. सासूबाईंनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "बघ, झाड पाणी पितंय." मी ताटाभोवती सूत गुंडाळलं. हे बाहेरच्या खोलीतून बघत होते.

पावसाळा संपता संपता ह्यांची धाप कमी झाली. औषधं लागू पडली असतील. हे पुन्हा कामावर जायला लागले, तिन्ही जिने चढायला लागले, सावकाश, पण चढायला लागले. सासूबाईंच्या मनात कारणाबद्दल शंकाच नव्हती. ताट स्वयंपाकघरात गेलं, देवांच्या मागे, भिंतीला टेकून. कपाटातल्या बाकीच्या बश्यांकडेही त्यांची नजर जायला लागली. एकदा तर म्हणाल्या, "ती पुलाची बशी जरा दाखव, त्यावर माणसं किती आहेत ते बघायचंय." मी इतकी सुखावले, की काय सांगू. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्या घरात मला जागा मिळाली, असं मला त्या दिवशी वाटलं.

अशा तीन वटपौर्णिमा झाल्या.

चौथ्या वर्षी एका रविवारी त्याच म्हाताऱ्याच्या पोत्यावर मला दुसरं ताट दिसलं. लहान होतं, काठ टवकलेला, पण तळाशी तसंच झाड, तसंच आळं. मी सगळं नाटक विसरून ओरडलेच, "अगबाई, ह्यालाही झाड आहे!"

"झाड?" म्हातारा म्हणाला. "कसलं झाड, बाई?"

मी बोट ठेवून दाखवलं. तो आधी माझ्याकडे, मग ताटाकडे बघत राहिला. मग तो हसला, पण वाईट हसू नव्हतं ते. म्हणाला, "बाई, झाड न्हाई ते. मी पंधरा वर्सं साहेबाच्या बंगल्यात वाढपी होतो, ह्याच हातांनी आणून मेजावर ठिवलंय. ह्यात बैलाची आख्खी रान, म्हंजी मांडी, यायची, भाजल्याली. साहेब उभा ऱ्हाऊन सुरीनं कापायचा. त्याचा रस असा ह्या फांद्यांतनं व्हात खाली ह्या खड्ड्यात. मग मडम पळीनं समद्यांना वाढायची. म्हून तर मागं टेकू हाय, रस उतराय." त्याने ताट उन्हाकडे धरलं. "ह्ये चरे बगा. सुरीचे."

मी विचारलं, "मग तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुटं?"

खरंच, मी कधी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं मी त्याला विचारत आले होते ते फक्त, कशी दिली.

त्या दिवशी मी मेथी आणायची विसरले. घरी आले तर सासूबाई देवांपुढे बसलेल्या, मागे ते ताट. मला माझंच नवल वाटलं. माझा विश्वास नव्हता ना? मग त्या ताटाकडे बघायचं मी का टाळत होते? बैलाचं काय नि गाईचं काय, ताट ते ताट, असं मी स्वतःला बजावत होते. पण त्या बाईने त्यावर शिंपडलेलं गोमूत्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

संध्याकाळी गॅलरीत मी ह्यांना सांगितलं. हे हसायला लागले. इतके हसले की त्यांना धाप लागली आणि मी घाबरून पाठ चोळायला लागले. "म्हणजे माझं आयुष्य साहेबाच्या मटणाच्या ताटावर चाललंय!" आणि पुन्हा हसले. मग एकदम थांबले. म्हणाले, "आईला सांगू नकोस. मी असेपर्यंत तरी नको."

त्यानंतर दर वटपौर्णिमेला मी पाणी घालायला बसले की दारातून ह्यांचा हळू आवाज यायचा, "जपून. रस सांडेल." मला हसू यायचं आणि रडू यायचं, आणि सासूबाईंना वाटायचं सुनेला भरून आलंय.

एकदा मी ते फोडायचं ठरवलं. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. ताट उचलून मी मोरीपाशी नेलं, दगडावर उंच धरलं. हात सुटेनात. फुटलं तर त्या काय समजणार? मुलाच्या आयुष्याचं झाड फुटलं, दुसरं काय. सांगता येत नव्हतं, विकता येत नव्हतं, फोडताही येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही भीती वाटायला लागली होती. विश्वास नसलेली मी ताट पुसताना श्वास रोखून धरत असे. चऱ्यांमध्ये हळद जाऊन बसली होती. कितीही घासली तरी निघायची नाही. पांढऱ्यावर बारीक पिवळ्या रेघा दिसायच्या, सुरी जिथे जिथे फिरली होती तिथे तिथे.

सहाव्या वर्षी, श्रावणात, एका सकाळी कामावर जायला निघताना हे शर्टाची बटणं लावत होते. तिसऱ्या बटणापाशी हात थांबला. मी स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही म्हणून बाहेर आले. बस, एवढंच. त्यात मला काही करता आलं नाही. मला फक्त हे हवे होते. बाकी जगात काय आहे नि काय नाही, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

चौदाव्या दिवसानंतर घर रिकामं झालं. आम्ही दोघी समोरासमोर तांदूळ निवडत बसलो होतो. सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "कुठे चुकलं गं माझं?"

मला कळलं नाही.

"पूजेत म्हणते मी. या वर्षी सूत विकतचं होतं. मी घरी काढलं नाही, बोटं दुखत होती. आणि पाणी घालताना मी मधेच उठले होते, दूध उतू जात होतं. ते का? सोवळ्यात कमी पडलं का काही? काहीतरी माझ्या हातून झालंय. नाहीतर सहा वर्षं ज्याने राखलं, ते असं मधेच कसं सोडेल?"

ह्यांनी घातलेली अट संपली होती. 'मी असेपर्यंत' म्हणाले होते, आणि आता ते नव्हते. मी तोंड उघडलं. सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं की सूत नाही, दूध नाही, त्यांच्या हातून काहीही झालेलं नाही. पण मग हेही कळलं असतं, की मुलासाठी सहा वर्षं त्यांनी कशाची पूजा केली. आणि कुणी जेवलेलं नाही असं छातीठोकपणे कुणी सांगितलं होतं. त्यांना जपण्यासाठी गप्प बसले, असं मी पुष्कळ वर्षं मानत आले. आता वय झालंय, खोटं कशाला बोलू? त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं असतं ना, तिला मी भ्याले.

"काही चुकलं नाही, आई," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा चहा केला, साखरेचा डबा पुढे केला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला. "आता नको. जन्मभर नको. काहीतरी भोगायला हवं ना मला."

त्या त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. अकरा वर्षं रोज सकाळी आणि दुपारी मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला आणि त्यांनी तो डोळे मिटून, काढा घ्यावा तसा घेतला. ताट देवांमागून त्यांनी हलवू दिलं नाही. दर शनिवारी स्वतः पुसायच्या. मी पुन्हा कधी जुन्या बाजारात गेले नाही. कपाटातल्या बश्या धोतरांच्या तुकड्यांत तशाच राहिल्या.

शेवटच्या वर्षात त्यांना कमी ऐकू यायला लागलं. कानाशी जाऊन ओरडावं लागे. एका दुपारी त्या देवांपुढे बसून ताट पुसत होत्या, बोट त्या पिवळ्या रेघांवरून फिरत होतं. मी दाराशी उभी होते. आणि मी बोलले. नेहमीच्या आवाजात, इतक्या लांबून त्यांना ऐकू जाणार नाही हे पक्कं ठाऊक असताना. ते ताट कशाचं होतं ते सांगितलं. ते चरे कसले ते सांगितलं. मी माहीत नसताना काय सांगितलं होतं, तेही. तुमचं काही चुकलेलं नाही, असंही म्हणाले.

माझे ओठ हलताना त्यांना दिसले असावेत. त्यांनी मान वर केली.

"काय म्हणालीस?"

मी जवळ गेले. त्यांच्या कानाशी वाकले. आणि मोठ्याने म्हणाले, "चहा ठेवू का, म्हटलं."

"ठेव," त्या म्हणाल्या. "माझा बिनसाखरेचा."